दुपारची नावं

चढ संपून गाडी उताराला लागली आणि रेडिओची खरखर एकदम थांबली. कुणीतरी घसा साफ केला. मग मागच्या सीटवर बसून विचारावं इतक्या जवळून इफ्फतच्या वडिलांचा आवाज आला.

"तरुण तरंग. मी बादशाहभाई बोलतोय. ऐकताय ना?"

विजयसिंहचा हात झटकन बटणाकडे गेला.

"राहू द्या," इफ्फत म्हणाली.

त्यानं हात परत स्टिअरिंगवर ठेवला. आवाजामागून थोडी शांतता गेली, तीही ओळखीची. अब्बा घरात काही विचारायचे तेव्हा उत्तरासाठी एवढीच जागा सोडायचे. मग हलगीवरचं एक गाणं लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाची राखाडी रानं होती आणि त्यांच्यावर ऊन उभं होतं.

"हे जुनं आहे?" तिनं विचारलं.

"जुनंच. रेकॉर्ड केलेलं."

"पण आज लागलं."

"रोज लागतं, मॅडम," विजयसिंह म्हणाला.

अब्बा गेल्याला चाळीस दिवस होऊन चाळिसावाही झाला होता. इफ्फत पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती, पण अम्मी इद्दतीत, घराबाहेर न पडता बसलेली म्हणून रजा घेऊन जळोचीतच राहिली होती. आज ती तरुण तरंग या रेडिओ स्टेशनवरचं अब्बांचं सामान आणायला निघाली होती. स्वेटर, डबा, खुर्चीवरची उशी. विजयसिंह स्टेशनचा नवा प्रमुख, तिशीतला, इंदापूरकडचा. मीच न्यायला येतो म्हणाला आणि सकाळी गाडी घेऊन दारात आला.

जळोचीत हे स्टेशन लागत नाही. कधीच लागलं नव्हतं. पळसदेवच्या अलीकडं हायवेलगतच्या एका कॉलेजात त्याची खोली आणि खोलीवर मनोरा. त्याचा आवाज धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेनं गावोगाव जायचा आणि बारामतीकडं येताना या चढावर थांबायचा. अब्बा रोज मोटारसायकलवरून चढ ओलांडायचे, दिवसभर पलीकडच्या गावांशी बोलायचे आणि संध्याकाळी दमलेला घसा घेऊन परत यायचे. घरी फार बोलत नसत. "सगळं तिकडंच सांडून येत्यात," अम्मी म्हणायची, आणि त्यांच्यापुढं गुळण्या करायला गरम पाणी ठेवायची.

जनाजा निघाला तेव्हा इफ्फत उंबऱ्यापर्यंत गेली होती. पुढं बायका जात नाहीत. त्यामुळं तिच्यापुरते अब्बा त्या सकाळी गल्लीच्या वळणापर्यंतच गेलेले होते. वळणापुढचं तिनं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आणि आता चढापलीकडं ते बोलत होते.

"ते गेले त्या दिवशी," विजयसिंह म्हणाला, "दुपारी एकच्या नावांचं काय करायचं, कुणाला कळेना."

त्या कार्यक्रमाचं छापील नाव निधनवार्ता होतं. गावं त्याला दुपारची नावं म्हणत. कोण गेलं, कुठलं, अंत्यविधी कधी, माती कधी, एवढंच. पण अब्बांनी ते पहिल्यापासून दुसऱ्या कुणाला वाचू दिलं नव्हतं. ताप असला तरी तेवढ्यापुरते यायचे. शोकाकुल, दुःखद, काळाचा घाला असले शब्द ते कापून टाकायचे आणि त्या जागी गेलेल्या माणसाचं एखादं साधं लक्षण सांगायचे. त्यासाठी घरच्यांना फोन करून विचारायचे. नाव घेऊन झालं की थांबायचे. ऐकणाऱ्याला हातातलं ताट खाली ठेवता आलं पाहिजे, असं ते एकदा इफ्फतला म्हणाले होते.

"आमची अँकर माईकसमोर बसली होती. कागदावर भाईंचंच नाव. तिला वाचवेना. एक वाजला. मशीनमध्ये त्या जागेवर काही टाकलेलं नसलं की ते मागच्या वर्षीची त्याच तारखेची फाईल उचलतं. जयंत्या, पुण्यतिथ्या चुकू नयेत म्हणून केलेली सोय. तसं त्यानं उचललं."

"आणि अब्बांनी मागच्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचली."

"हो."

"लोक काय म्हणाले?"

"मला वाटलं शिव्या पडतील. तर पहिलाच फोन एका बाईंचा, रडत होत्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांना वर्ष झालं हे पोरांच्याही ध्यानात नव्हतं, भाईंच्या होतं." त्यानं समोरच्या ट्रॅक्टरला वाट दिली. "लोकांना वाटलं भाईंनी नवीन प्रथा सुरू केली. वर्षानं तीच बातमी पुन्हा जशीच्या तशी सांगायची. दुसऱ्या दिवशी परत एक वाजला. आम्ही काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं. आता घरोघरी त्या वेळी रेडिओपुढं दिवा लावतात, मॅडम. नैवेद्य करतात."

"म्हणजे अब्बा गेले हे कुणाला माहीत नाही."

"तिकडं नाही."

गाणं संपलं आणि पुढचं लागायच्या आत एक फट राहिली. ती लांबली. इफ्फतला आपला श्वास ऐकू येऊ लागला, आणि तेवढ्यात पुन्हा तोच आवाज. "तरुण तरंग. मी बादशाहभाई बोलतोय. ऐकताय ना?"

"हे का मधेच?"

"मशीनला शांतता चालत नाही. ठराविक वेळ आवाज गेला नाही की ते आपोआप हे वाक्य लावतं. भाईंनीच करून दिलं होतं. नावं वाचताना ते थांबायचे ना, ते त्या हद्दीच्या आत. त्यांना बरोबर कळायचं."

इफ्फत खिडकीबाहेर बघत राहिली. तिला अम्मीचं मोठं पातेलं आठवत होतं. तिसऱ्या दिवशी, जियारतीला, अम्मीनं ते माळ्यावरून काढायला लावलं. चढापलीकडची माणसं येतील, चहाला लहान भांडं पुरायचं नाही. स्टेशनची चार माणसं तेवढी आली. गावांतलं कुणी आलं नाही. चाळिसाव्यापर्यंत पातेलं ओट्याखाली पालथं होतं. मग एका सकाळी अम्मी म्हणाली, "जन्मभर त्यांची मयतं ह्यांनी सांगितली. ह्यांच्या मयताला तिकडचं कुत्रं फिरकलं न्हाय. ठेव ते वर." इफ्फतनं स्टुलावर चढून पातेलं माळ्यावर ढकललं होतं. ते सरकताना झालेला आवाज तिच्या अजून दातांत होता.

"कधी सांगणार आहात?" तिनं विचारलं.

"सोमवारी. सोमवारपासून स्टेशनचं सगळं बदलतंय. नवे आवाज, नवी गाणी, मोबाईलवर ॲप. हे तरुणांसाठी काढलेलं स्टेशन आहे. विश्वस्त विचारतात, तरुण कुठायत? ते बरोबरच विचारतात. दुपारची नावं बंद होतील. त्याच दिवशी भाईंना श्रद्धांजली म्हणून एक छान कार्यक्रम करू."

"म्हणजे अब्बा सोमवारी जाणार."

स्टेशन असलेल्या कॉलेजच्या फाटकाशी विजयसिंहनं गाडी हळू केली, पण वळवली नाही. "पळसदेवला आता आमचा युवा श्रोता मेळावा आहे. स्टेशन तरुणांना हवंय का, हे त्यांनाच विचारायचंय. तुम्ही चला. लोकांना एकदा बघा. मग तुम्ही म्हणाल तसं करू. आज सांगा म्हणालात तर आज."

पळसदेवच्या देवळाचा मंडप माणसांनी निम्मा भरला होता. पाठीमागं पाणी बरंच हटलेलं. उघड्या पडलेल्या गाळाला भेगा गेल्या होत्या आणि त्यापलीकडं, पाण्यात गेलेल्या जुन्या गावाचं देऊळ कळसापासून खांद्यापर्यंत वर आलं होतं. त्याच्या भिंतींवर पाण्याच्या पट्ट्या होत्या. कुणी तिकडं बघत नव्हतं. दर उन्हाळ्यात ते येतं.

फलकावर ठळक अक्षरांत युवा श्रोता मेळावा असं लिहिलेलं, आणि त्याखाली टोप्या, चष्मे, गुडघ्यावर हात ठेवून बसलेली माणसं. पुढच्या रांगेतला एकजण उठून आला. अंगात धुवट पांढरा सदरा, कानाच्या पाळीवर केस.

"मी सावळाराम. अध्यक्ष, युवा श्रोता मंडळ, पळसदेव."

"तात्या, तुमचं वय काय?" विजयसिंहनं हसत विचारलं.

"स्टेशन निघालं तवा चाळिशीच्या आत व्हतो. तवाच मंडळ झालं. मंडळाचं नाव तुमी बदललं न्हाय, मंग आमी कशापायी बदलू?"

मंडप हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "तात्यांचे दात गेले, पद न्हाय गेलं."

"ह्या कोण?" सावळारामनं इफ्फतकडं बघितलं, आणि विजयसिंहनं सांगायच्या आत त्याचं त्यालाच कळलं. "भाईंची लेक. कपाळ भाईंचं हाय. भाई न्हाय आले व्हय?"

इफ्फतनं ओढणी कपाळावर पुढं ओढली.

"म्या स्टेशनला फोन लावला व्हता मागं. पोरगी म्हणली, भाई रेकॉर्डिंगमधी हाईत." सावळाराम जवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "आज सकाळी घसा जरा बसल्यागत वाटला त्यांचा. हळद-दूध देत जा रातच्याला. ऐकत न्हाय म्हणा कुणाचं."

"नाही ऐकत," इफ्फत म्हणाली.

तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. जो तो येऊन अब्बांना निरोप सांगत होता. एकाच्या नातवाच्या बारशाला भाईंनी यायचंय. एकीच्या नवऱ्याचं नाव परवा घेतलं, त्याच्या आवडीचं वांग्याचं भरीत सांगायचं राहिलं, तेवढं पुढल्या वर्षी सांगा म्हणावं. गेल्या आठवड्यात ज्यांच्या घरी मयत झालेली होती ती माणसंही होती. त्यांची काही घाई नव्हती. "वर्षानं घेतील की भाई," एकजण म्हणाला. ही सगळी माणसं एका दिशेला तोंड करून उभी होती आणि इफ्फतला सारखं वाटत होतं की ती जिकडं बघतायत तिकडं, तिच्या खुर्चीच्या मागं, कुणीतरी खरंच उभं आहे. तिनं एकदा वळून पाहिलं. तिथं खांब होता. खांबाशी एक म्हातारी मांडी घालून बसली होती, मांडीवर छोटा रेडिओ, आवाज बारीक केलेला.

"ह्या प्रयागबाई," सावळारामनं सांगितलं. "त्यो रेडिओ तितंच राहू दे. माईकजवळ आणला की शिट्टी मारतो."

मेळावा रेडिओवर थेट जाणार होता. टेबलावरच्या माईकची वायर मोबाईलला जोडलेली, मोबाईल स्टेशनला. विजयसिंहनं बोलायला सुरुवात केली. काळ बदलला, तरुणाई बदलली, वगैरे. चांगलं बोलत होता. मग त्यानं विचारलं, "इथं खरोखर तरुण कोण आहे?"

हशा झाला. प्रयागबाईंच्या शेजारून एक हात वर आला.

"माझी नात, छकुली," म्हातारी अभिमानानं म्हणाली. "कालेजात हाय."

विजयसिंह माईक घेऊन तिच्यापर्यंत गेला नाही, शिट्टीच्या भीतीनं तिलाच पुढं बोलावलं. सडपातळ मुलगी, ओढणी घट्ट बांधलेली.

"बोल. तुमच्या कॉलेजात आपलं स्टेशन किती जण ऐकतात?"

"खरं सांगू का?"

"खरंच सांग."

"कोण ऐकत न्हाय. आमच्या कालेजात ह्याला मयत एफएम म्हणत्यात."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. विजयसिंहनं इफ्फतकडं एक नजर टाकली. त्यात आनंद नव्हता, पण सुटका होती. "मग बंद करावं असं तुझं म्हणणं."

"तसं न्हाय म्हणलं म्या," छकुली म्हणाली. "गाणी मोबाईलात हाईत. नोकरीच्या जाहिराती मोबाईलात हाईत. नावं कुठंच न्हाईत." आणि ती जाऊन आजीजवळ बसली.

एकला थोडाच अवकाश होता तेव्हा मोटारसायकली आल्या. आधी दोन, मग आणखी, मग मोजायच्या पलीकडं. पोरं गाड्या चिंचेखाली लावून मंडपाच्या पायऱ्यांशी येऊन उभी राहिली. कुणी दुकानातून तसंच आलेलं, हाताला ऑईल. कुणाच्या गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. विजयसिंहचा चेहरा उजळला. "या, या. पुढं या. तुमचीच वाट बघत होतो."

पोरं जागची हलली नाहीत. त्यातला एकजण म्हणाला, "तुमचं चालू द्या, सर. आमी एकच्यासाठी आलोय."

प्रयागबाईंनी रेडिओ मांडीवरून उतरवून खांबाच्या पुढं फरशीवर ठेवला. त्याच्यासमोर पितळी निरांजन लावलं. छकुलीनं पिशवीतून विकेटकीपरचे हातमोजे काढले, जुने, तळव्याला चिकटपट्टी लावलेले, आणि रेडिओला टेकवून उभे केले. पोरांनी पायातली पायताणं काढली.

"ऋतिक," सावळाराम इफ्फतच्या कानाशी म्हणाला. "छकुलीचा भाऊ. मागल्या साली आजच्याच दिशी. हायवे वलांडत व्हता." तो थोडा थांबला. "ह्या पोरांनी रेडिओ कधी लावला न्हाय. आज समदी आली."

मोबाईलवरचा हिरवा दिवा विझला. स्टेशननं मेळाव्याची लाईन तोडून एकची फाईल घेतली होती. छकुलीनं रेडिओचा आवाज मोठा केला.

"दुपारचा एक वाजलाय," अब्बा म्हणाले. "आज एकच नाव आहे. जेवत असाल तर थोडं थांबा."

भर उन्हात मंडपातली सावली गार झाली. इफ्फतला अब्बांच्या आवाजात कागद हलल्याची चाहूल आली, पलीकडं खुर्ची करकरली ती कळली. मागच्या वर्षीचा तो दिवस तिथं, त्या हातमोज्यांच्या मागं, अजून चालूच होता. त्या दिवसात अब्बांना संध्याकाळी घरी जायचं होतं.

"पळसदेवचा ऋतिक. वय सांगवत नाही. आज सकाळी आपल्यातून गेला. गावच्या टीममध्ये यष्टीमागं उभा राहायचा. आजी म्हणतात, घरात हातातून पेला निसटला तरी हा खाली पडायच्या आत झेलायचा. अंत्यविधी चार वाजता, पळसदेवला. लांबून येणाऱ्यांनी घाई करू नये. गाडी हळू चालवा. तो चुकणार नाही, तुम्ही पोचाल."

मग ते थांबले.

पायरीवरच्या एका पोरानं हात तोंडावर दाबला. बाकीचे खाली बघत होते. प्रयागबाई ताठ बसल्या होत्या, ओठ मिटलेले. कुणी रडलं नाही. त्या थांबण्यात रडण्यापेक्षा मोठं काहीतरी मावत होतं आणि ते मावेल एवढीच जागा अब्बांनी ठेवलेली होती. ती भरत आली तसा त्यांचा आवाज परत आला. "उद्या याच वेळी. कुणाचंच नाव नसो." प्रयागबाईंनी निरांजनाची वात जरा पुढं ओढली.

इफ्फत उठली. कधी उठली ते तिचं तिलाही कळलं नाही. पोरं, म्हातारे, हातमोजे, सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्या सगळ्यांमध्ये एकच माणूस असा होता ज्याच्यासाठी कुणी ताट खाली ठेवलं नव्हतं. सोमवारी श्रद्धांजलीच्या गाण्यांमध्ये ते नाव विरघळून जाणार होतं.

मोबाईलवर हिरवा दिवा लागला. मेळावा पुन्हा थेट सुरू झाला. विजयसिंहनं माईक उचलला, तिच्याकडं बघितलं आणि काही न विचारता तिच्या हातात दिला. छकुलीनं शिट्टी होऊ नये म्हणून रेडिओ बारीक केला.

"आणखी एक नाव राहिलंय," इफ्फत म्हणाली. तिचा आवाज माईकमधून गेला आणि जरा उशिरानं खांबाशी, बारीक होऊन, रेडिओतून आला. कुणीतरी मागोमाग तेच म्हणत असल्यासारखा. ती त्याच्यासाठी थांबली आणि मग पुढचं बोलली.

"जळोचीचे बादशाहभाई. उन्हाळा लागताना एका पहाटे आपल्यातून गेले. झोपेत गेले. घरी कमी बोलायचे, कारण बोलायचं ते तुमच्याशी बोलून झालेलं असायचं. चहा बशीत ओतून प्यायचे, आणि बशी धरल्यावर कुणी हाक मारली तर ओ देत नसत. माती जळोचीला झाली. ही बातमी वेळेवर द्यायची राहिली. त्यांचा आवाज तुम्ही रोज ऐकला, तो रेकॉर्ड केलेला होता. लांबून येणाऱ्यांनी घाई करू नये. गाडी हळू चालवा."

मग ती थांबली.

सावळारामनं टोपी काढली. ती कुठं ठेवावी हे न कळून हातातच धरली. एक बाई पदर तोंडाशी नेत होती, तो तसाच राहिला. पायरीवरची पोरं, जी जायला निघाली होती, ती एका पायात पायताण अडकवलेली उभी होती. मागं पाण्याकडून वारा आला आणि निरांजनाची ज्योत आडवी झाली, पुन्हा उभी राहिली. इफ्फतला पुढचं एक वाक्य म्हणायचं होतं, उद्या याच वेळी, कुणाचंच नाव नसो. ते ओठांवर येत नव्हतं. अब्बा किती थांबायचे हे ती आज ऐकत होती, पण ते मोजायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती थांबूनच राहिली. शांतता हद्दीपर्यंत गेली आणि हद्द ओलांडून गेली.

खांबाशी रेडिओ किंचित खरखरला. कुणीतरी घसा साफ केला.

"तरुण तरंग. मी बादशाहभाई बोलतोय. ऐकताय ना?"

मंडपात कुणी हललं नाही. एक लहान मूल आईच्या मांडीत तोंड खुपसून बसलं. विजयसिंहनं मोबाईलकडं हात नेला आणि मधेच मागं घेतला. आवाज विचारून गेला होता आणि त्यानं नेहमीसारखी उत्तराची जागा सोडली होती.

"व्हय," छकुली म्हणाली.

"व्हय, भाई," सावळाराम म्हणाला. मग रांगेरांगेतून, पायरीवरून, सगळीकडून, पुटपुटल्यासारखं. रोज आपापल्या घरात, गोठ्यात, होडीत म्हणत असतील तसंच. शेवटी इफ्फतही म्हणाली. माईक तिच्या हातात होता. तिचा शब्द मनोऱ्यावरून निघाला, पाण्यावरून गेला, आणि बारामतीच्या बाजूला त्या चढापर्यंत जाऊन थांबला असेल.

रेडिओत गाणं लागलं. छकुलीनं तो बंद केला. विजयसिंहनं तरुणांना विचारायचे प्रश्न काढले नाहीत. हाताला ऑईल लागलेला पोरगा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, सोमवारनंतर एकला कोण वाचणार?" विजयसिंह माईकची वायर गुंडाळू लागला. पोरगा उत्तर घेतल्याशिवाय जात नव्हता. प्रयागबाईंनी निरांजन विझू न देता आडोशाला सरकवलं, आता ते दुसऱ्या कुणासाठी होतं.

सावळाराम टोपी हातातच घेऊन इफ्फतपुढं आला. मघाच्या हळद-दुधाचं त्याला आठवलं असावं. खाली बघून म्हणाला, "जळोचीत घर कुठं म्हणायचं, पोरी?"

तिनं सांगितलं.

"उद्या सकाळचा टेम्पो काढतो. बायका बी येतील. आईला तरास न्हाय ना व्हनार?"

"नाही होणार," इफ्फत म्हणाली.

ती मंडपाच्या कडेला, जिथून ते वर आलेलं देऊळ दिसतं तिथं गेली आणि तिनं घरी फोन लावला. अम्मीनं पहिल्या घंटीला उचलला.

"सामान मिळालं का गं?" अम्मीनं विचारलं.

"अजून नाही. अम्मी, शेजारच्या अल्ताफला बोलव. त्याला माळ्यावर चढायला सांग."

"कशाला?"

"मोठं पातेलं खाली काढून घासून ठेव."

पलीकडं काही आवाज आला नाही. इफ्फत थांबली. बऱ्याच वेळानं, फोन न ठेवताच, अम्मी उठल्याचं तिला ऐकू आलं, आणि मग दारातून तिनं अल्ताफला मारलेली हाक.